ओढ्याकडच्या घराचा बॅकअप

संक्रांतीच्या आठवड्यात व्हिडिओ फोनवर मी तुम्हाला म्हटलं, “आज मी बॅकअप परत आणला,” तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. थोरल्याने विचारलं, “आजी, कसला? रेसिपींचा?” मी ‘नंतर सांगते’ म्हटलं, कारण मलाच अजून धाप लागलेली होती. आता फुलांची गडबड संपली आहे, टेबल रिकामं आहे, तेव्हा सगळं पहिल्यापासून क्रमाने लिहिते. कुठलीही गोष्ट क्रमाने लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. कारखान्यातल्या नोकरीची सगळी वर्षं मी फायलींच्या कपाटांमध्ये काढली आहेत.

तुमचा काका, म्हणजे माझा पुतण्या, तिकोना पेठेच्या अलीकडे गुलाब लावतो हे तुम्हाला माहीत आहे. उघड्यावरचे नव्हेत, प्लास्टिकच्या छपराखालचे, लांब दांड्याचे, खोक्यांतून परदेशी जाणारे. त्या छपरांना कागदोपत्री पॉलीहाऊस म्हणतात. तिथल्या बायका नुसतं ‘घर’ म्हणतात: रस्त्याकडचं घर, विहिरीकडचं घर, आणि सगळ्यांत खाली ओढ्याकडचं घर. आठवड्यातून दोनदा काका मला लोणावळ्याहून गाडीतून घेऊन जातो आणि मी तिथल्या संगणकाचं काम बघते. सुरुवातीला मी फक्त खोक्यांवरची लेबलं छापत असे. मग हळूहळू पाण्याचा कारभारही माझ्याकडे आला.

पाण्याचा कारभार असा. कोणत्या घराला केव्हा पाणी सोडायचं, किती, आणि त्यात कोणतं खत किती मिसळायचं, हे सगळं त्या संगणकात भरलेलं असतं. त्याच्या हुकुमानेच झडपा उघडतात आणि बंद होतात. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभरातल्या लोकांना एकाच दिवशी गुलाब हवे असतात, म्हणून आमची फुलं जानेवारीच्या अखेरीस तयार व्हावी लागतात. आधी नको, नंतर नको. डिसेंबरात छाटणी झाली की पुढचं सगळं त्या आकड्यांवर.

ते आकडे भरायला आम्ही दोघी. मी आणि तिथली मुकादम. वयाने ती माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही मावशी म्हणते. धरणावरच्या एका वाडीतून येते आणि सोबत वाडीतल्याच सात-आठ बायकांना घेऊन येते. ओढ्याकडच्या घरातली रोपं या बायकांनीच लावली आणि तिथलं काम त्यांच्याकडेच आहे. ते घर सखल जागी आहे. तिथे थंडी साठते, धुकं उशिरा उठतं, दांडे आखूड राहतात. दोन वर्षं तिथली फुलं निर्यातीतून नाकारून परत आली होती. दिवाळीनंतर काकाने सरळ सांगून टाकलं, “काकू, यंदा शेवटचं. ओढ्याकडचं जमलं तर गुलाब ठेवतो. नाहीतर उपटून ढोबळी मिरची.”

मावशी शेजारीच होती. ती म्हणाली, “मिरचीला एवढ्या बाया लागत न्हाईत, भाऊ.”

“नाही लागत,” काका म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून ओढ्याकडच्या घराचे आकडे भरताना मावशी माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायला लागली.

आता बॅकअप. ज्या निर्यात कंपनीला आपण फुलं देतो, तिने नोव्हेंबरात सगळ्या बागायतदारांना कळवलं की कंपनीच्या बॅकअपमध्ये तुमचे संगणकही घेतो. हे तुमच्या फोनसारखं नाही. पुण्यात कंपनीचा मोठा सर्व्हर, आणि आमच्या संगणकावर त्याचा एक छोटासा प्रोग्राम बसतो. तो ठरल्या वेळी जागा होतो, काय बदललंय ते बघतो, आणि तेवढंच उचलून पुण्याला पोचवतो. आधीच्या प्रती तो पुसत नाही. काही आठवड्यांच्या मागे ठेवतो. म्हणजे आजची फाईल बिघडली तर परवाची मागता येते. मला हे ऐकूनच हुरूप आला. आमच्या कारखान्यात अशी सोय असती तर माझी अर्धी कपाटं रिकामी राहिली असती.

मात्र आमच्या वाट्याला जागा थोडी होती. कंपनीच्या इंजिनिअर बाई फोनवर म्हणाल्या, “मॅडम, सगळं नका निवडू. गेलं तर पुन्हा करता येणार नाही, तेवढंच घ्या.”

काय सुंदर नियम आहे बघा. मी चष्मा पुसला आणि कामाला लागले. पडद्यावर डावीकडे सगळे फोल्डर झाडासारखे उघडतात आणि प्रत्येकापुढे एक चौकोन असतो. पूर्ण फोल्डर घेतला की चौकोनात खूण. आतलं थोडंच घेतलं तर चौकोन अर्धा भरतो. खतांची माहितीपत्रकं: ती कधीही पुन्हा मिळतील, खूण नाही. कुणीतरी भरून ठेवलेली सिनेमाची गाणी: खूण नाही. लेबलांचे नमुने: ते करताना माझे दोन दिवस गेले होते, खूण.

पाण्याचे आकडे मात्र सापडेनात. ते नेहमीच्या जागी नव्हतेच. तो प्रोग्राम आपल्या वस्तू कुठल्यातरी आतल्या कोपऱ्यात ठेवत होता, आणि त्या कोपऱ्यात अर्थ लागणार नाही अशा नावांच्या फायलींचा बाजार भरलेला. इंजिनिअर बाई म्हणाल्या, “तो फोल्डर आम्ही सहसा वगळतो. त्यातलं नेमकं काय हवंय ते तुम्हीच सांगा.” मग मी एक युक्ती केली. विहिरीकडच्या घराचा एक आकडा बदलला, जतन केला, आणि कोपऱ्यातल्या फायली बदलाच्या वेळेप्रमाणे लावल्या. एकच फाईल उडी मारून वर आली.

“हीच,” मी म्हणाले.

“वा, मॅडम,” फोनमधून आवाज आला.

मी त्या फाईलपुढे खूण केली आणि विहिरीकडच्या घराचा आधीचा आकडा परत भरला. आतापर्यंत मावशी सगळं बघत होती. ती म्हणाली, “आन आमचा फोटू?”

आदल्या वर्षी पहिलं खोकं भरलं तेव्हा सगळ्या बायकांचा एक फोटो काढला होता. डोक्याला टोप्या, हातात एकेक दांडा, आणि कुणीही हसत नाही. तो संगणकात होता. फोटो मोठा होता आणि जागा कमी.

“तो फोनात असेल ना कुणाच्या तरी?”

“माझा बटनाचा हाय, बाई.”

“बघू नंतर.”

“बघू म्हंजे न्हाई,” तिने मागे उभ्या असलेल्यांना समजावून सांगितलं, आणि सगळ्या हसल्या.

पुढच्या खेपेला गेल्या गेल्या मी अहवाल उघडला. रोज रात्रीची वेळ ठरवली होती. रोज रात्री लाल फुली. एकही प्रत गेलेली नव्हती. मी इंजिनिअर बाईंना फोन लावला.

“मॅडम, तुमचं मशीन रात्री बंद असतं.”

मी मावशीकडे वळले. “मावशी, संगणक रात्री बंद करता?”

“संगनक न्हाई. मेन पाडते.”

“रोज?”

“रोज. मागं वीज कडाडली तवा पंपाचा स्टार्टर जळला न्हवं? तवापासनं जाताना मेन पाडायचा आन ह्याच्यावर पोतं टाकायचं. पाखराला पिंजऱ्यात झाकत्यात तसं.” तिने पोतं झटकलं. “रातीचं काय काम असतंय त्याला?”

शेवटचा माणूस निघाला की मेन पाडायचा, ही तिथली शिस्त. आणि माझ्यासारख्या बाईने शिस्तीला नावं कशी ठेवायची? काका म्हणाला, “मेन चालू ठेवू या.” मावशी म्हणाली, “मग पंप जळला तर मला इचारू नका.” दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी इंजिनिअर बाईंना विचारलं, “वेळ दिवसाची चालेल का? आमची जेवणाची सुट्टी असते तेव्हा?”

त्या म्हणाल्या, “आमच्याकडे असं कुणी मागितलं नाही कधी. पण चालेल. तेव्हा मशीनवर कुणी काम करणार नसेल तर.”

“कुणी नाही करणार. सगळे जेवत असतात.”

अशी वेळ ठरली. दुपारी बायका पॅकिंगच्या शेडमध्ये गोल करून बसतात, डबे उघडतात, आणि कोपऱ्यात संगणकावर एक निळी पट्टी हळूहळू भरत जाते. पट्टी भरली की हिरवी खूण. पहिल्याच दिवशी मावशीने घास हातात धरून तिकडे बघितलं आणि म्हणाली, “त्याचं बी जेवान झालं वाटतं.” तेव्हापासून त्याला तेच नाव पडलं. कुणी जेवणाच्या सुट्टीत खतांचा हिशोब बघायला उठली की दुसरी म्हणायची, “बस की गं, जेऊ दे त्याला.” मी असले-नसले तरी हिरवी खूण येत राहिली. मी लोणावळ्यात घरच्या संगणकावर रोज अहवाल बघत असे, आणि खरं सांगते, तुमच्या बाबांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकानेही मला एवढा आनंद दिला नव्हता.

जानेवारीत थंडीने कहर केला. तिकोन्याच्या पायथ्याला धुकं दुपारपर्यंत बसून राहायला लागलं आणि ओढ्याकडच्या घरात कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन थांबल्या. काकाने पुन्हा मिरचीचं नाव काढलं नाही, पण मिरचीच्या रोपांची चौकशी करताना मी त्याला फोनवर ऐकलं.

भोगीच्या दिवशी सकाळी मी आणि मावशी त्या घराच्या मागे लागलो. फुलं तोडायला लागेपर्यंतच्या सगळ्या दिवसांचं पाणी नव्याने बसवायचं ठरवलं. कृषी सल्लागार फोनवर होते. मी एक आकडा भरायचा, झडप उघडायची, मावशीने खालून निथळणारं पाणी बादलीत धरायचं, मला हाक मारून सांगायचं, सल्लागारांनी हो किंवा नाही म्हणायचं, आणि पुन्हा दुसरा आकडा. पहिलं पाणी ऊन आल्यावरच. दुपारचं दोनदा, पण थोडं. ढगाळ दिवसाला वेगळं. सगळी सकाळ आमची त्यात गेली. शेवटच्या ओळीला मावशी म्हणाली, “आता बसलं.” मी जतन केलं. काकाला लोणावळ्यात काम होतं म्हणून आम्ही जेवणाच्या सुट्टीआधीच निघालो. दुसऱ्या दिवशी संक्रांत, सुट्टी. विहिरीवरचा एक गडी सणाला येऊन हाताने पाणी सोडणार होता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने पोतं काढलं, मेन चढवला, आणि संगणक सुरू झाला नाही. काकाचा फोन आला तेव्हा मी तिळाच्या वड्यांचे डबे लावत होते. “काकू, हा खटखट करतोय आणि काळाच राहतोय.” डिस्क गेली होती. थंडी, दमट हवा, वय. काय ते कुणास ठाऊक.

नवा संगणक घेऊन आम्ही दुपारी पोचलो. तोवर मावशी प्रत्येक घराच्या झडपा हाताने चालवत होती, कोपरापर्यंत ओली. बाकीच्या घरांचं तिने निभावलं होतं. ओढ्याकडच्या घराचं काय, हे मी विचारलं, आणि आम्ही दोघी आकडे आठवायला लागलो. मी म्हणत होते पहिलं पाणी जास्त, दुसरं कमी. ती म्हणत होती उलटं. ढगाळ दिवसाचं तर दोघींनाही नीट आठवेना. सल्लागार कुठल्यातरी लग्नात होते आणि फोनमधून नुसता बँड ऐकू येत होता. पुन्हा सगळं बसवायचं तर आणखी दिवस जाणार, आणि कळ्यांना तेवढे दिवस नव्हते. बायका शेडच्या दारात उभ्या होत्या, त्यांना ते सांगावं लागलं नाही.

तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता. भोगीच्या दुपारची प्रत पुण्याला गेली का? संक्रांतीच्या धावपळीत मी अहवाल उघडलाच नव्हता. आणि भोगीला बायका लवकर घरी जातात.

“मावशी, भोगीला तुम्ही मेन किती वाजता पाडलात?”

“बाया सुट्टीच्या आदीच गेल्या. पवनानगरच्या बाजारात सुगडं आनायची हुती, जीप थांबली हुती.” तेवढ्यात विहिरीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, पाणी वाहून चाललंय, आणि ती तिकडे पळाली.

मी खुर्चीत बसले. जुन्या संगणकाचं इंटरनेट नव्याला लागेना, म्हणून काकाचा फोन दाराबाहेर एका उपड्या बादलीवर ठेवला, कारण त्याला चांगली रेंज तिथेच येते, आणि त्यातून नव्या संगणकाला इंटरनेट दिलं. इंजिनिअर बाई माझ्या फोनवर होत्या. त्या म्हणाल्या, “आधी नव्या मशीनला जुन्याचंच नाव द्या, मग ते जुनी प्रत आपली म्हणून ओळखेल.” नाव दिलं. छोटा प्रोग्राम बसवला. पुण्याने आम्हाला ओळखलं. पडद्यावर एक कॅलेंडर उघडलं. ज्या दिवसाची प्रत आहे तो दिवस ठळक, नाही तो फिका.

संक्रांत फिकी. तो सुट्टीचा दिवस, ठीक. मी एक घर मागे नजर नेली.

भोगी ठळक होती.

“आहे,” मी म्हणाले. काकाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, “आहे रे, आहे.”

सगळं परत आणायचं नव्हतं, फक्त ती एक फाईल. भोगीवर बोट ठेवलं की तेच झाड उघडलं, मी नोव्हेंबरात लावलेले तेच चौकोन, आणि त्या आतल्या कोपऱ्यात ती फाईल. जुन्या जागी ठेवू की वेगळ्या, असं विचारण्यात आलं. मी वेगळ्या म्हटलं. आधी बघायचं, मग जागेवर ठेवायचं, हा माझा नेम आहे. निळी पट्टी निघाली. मध्येच अडली. काकाने बादली दोन हात पुढे सरकवली. पट्टी पुन्हा चालू लागली, आणि मी इतकी पुढे वाकले होते की चष्मा पडद्याला लागला. हिरवी खूण.

ती फाईल जागेवर ठेवली, पाण्याचा प्रोग्राम उघडला. ओढ्याकडचं घर. पहिलं पाणी ऊन आल्यावर. दुपारी दोनदा. ढगाळ दिवसाची वेगळी ओळ. सगळं आम्ही सोडलं होतं तसं. (पहिलं पाणी जास्त होतं, दुसरं कमी. हे मी मावशीला नंतर दाखवलं. ती म्हणाली, “मग मी काय म्हनत हुते?”)

मी चालू करायचं बटण दाबलं. काही क्षण काही झालं नाही. मग खालून, ओढ्याकडून, झडपेचा ‘टक्’ असा आवाज आला आणि नळ्यांमधून पाण्याची सळसळ. मावशी तोवर तिथे पोचली होती. तिची हाक वर आली, “सुटलं, बाई, आपआपलं सुटलं.”

ती वर आल्यावर मी विचारलं, “बायका आधीच गेल्या, मग भोगीच्या दुपारी मेन चालू कसा?”

ती पदराने हात पुसत होती. “त्या म्हनल्या, चल, जीप सुटल. म्या म्हनलं, व्हा म्होरं. ह्याचं जेवान व्हायचंय.”

“तुम्ही एकट्या थांबलात?”

“थांबले की. भाकर खाल्ली, ती हिरवी खून आली, मग मेन पाडला. सनाच्या दिशी त्याला उपाशी कसं ठिवायचं?”

“आणि घरी कशा गेलात?”

“चालत. कुटं लांब हाय?”

लांब आहे. धरणाला अर्धा वळसा घालून, वाडीपर्यंत चढ. इंजिनिअर बाई अजून फोनवर होत्या, त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “आजी, रात्रीची वेळ असती आणि तुमचा मेन चालू राहिला असता, तरी डिस्कने रात्रीपर्यंत दम धरला असता की नाही कोण जाणे. दुपारची वेळ बदलू नका.” मॅडमची आजी मी केव्हा झाले, माझ्या लक्षातही आलं नाही.

ओढ्याकडचं घर जानेवारीच्या अखेरीस फुललं. अगदी लांब दांडे नव्हेत, पण पाठवण्याजोगे, सरळ, कळी घट्ट. फुलं तोडायच्या पहिल्या सकाळी बायकांनी ती टेबलावर ओळीने लावली, मोजपट्टी लावून बघितली, आणि एकीने दुसरीला कोपर मारलं. काका टेबलाच्या टोकाला उभा होता. एक दांडा उचलून त्याने उजेडाकडे धरला, परत ठेवला, आणि मावशीला विचारलं, “त्या घराचं प्लास्टिक जुनं झालंय. पावसाच्या आधी बदलू या का?”

“बदला की,” मावशी म्हणाली. “मिरचीला चांगलं व्हईल.”

काका हसला. “मिरची नाही, मावशी. गुलाबच.”

ती खोक्यात कागद अंथरायला लागली. इतर बायकाही लगेच वळल्या, आणि पुढची कितीतरी खोकी फार भराभर भरली गेली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी पुन्हा ते झाड उघडलं. डिस्कवरचे फोटो तर गेलेच होते. पण काकाच्या फोनात जुना फोटो सापडला: टोप्या घातलेल्या बायका, हातात एकेक दांडा, कुणीही हसत नाही. मी तो संगणकात घेतला. जागा अजून कमीच होती. लेबलांचे दोन जुने नमुने, जे आता वापरात नाहीत, त्यांच्यापुढची खूण काढली आणि फोटोपुढे केली. मग मावशीला बोलावून दाखवलं.

तिने चौकोन बघितला, मग फोटो, मग पुन्हा चौकोन. “म्हंजे आता ह्यो पुन्याला जानार?”

“आत्ताच. सुट्टी झाली की.”

बायका शेडमध्ये गोल करून बसल्या. आज मावशीने आपला डबा उचलला आणि संगणकासमोर येऊन बसली. निळी पट्टी निघाली. ती भाकरीचा तुकडा मोडून तिच्याकडे बघत राहिली, आणि पट्टी पूर्ण भरेपर्यंत तो तुकडा तिने तोंडात घातला नाही.